कोयता म्हणजे किती माणसे?



दसरा सरला की आपल्या नगर जिल्ह्यात, म्हणजे सरकारी कागदावरच्या आताच्या अहिल्यानगरात, मोठी हालचाल सुरू होते. पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या वाड्या-तांड्यांवर ट्रॅक्टर लागतात. भांडीकुंडी, पिठाचा डबा, शेळी, कोंबड्या आणि लेकरे असा सगळा संसार ट्रॉलीत चढतो. घराला कुलूप लागते, म्हातारी माणसे तेवढी मागे राहतात. दुसऱ्या अंगाला श्रीरामपूर, राहाता, कोपरगाव, संगमनेर, राहुरी, नेवासे या पट्ट्यात उसाच्या कडेला आणि कारखान्याच्या तळावर कोप्या उभ्या राहतात. तिथे बीडची माणसे येतात, खानदेशातली येतात आणि आपल्याच जिल्ह्यातल्या कोरडवाहू भागातलीही येतात. एकाच जिल्ह्यात घराला कुलूप लावणारेही आपण आणि कोपीला जागा देणारेही आपण. हे पान दोन्हीकडच्या घरांत वाचले जाते, म्हणून आज दोघांशीही बोलायचे आहे.

ऊसतोडीचे हाल तुम्हाला नवे नाहीत. आज सांगायचे आहे ते वेगळ्या माणसांविषयी. हातात वही घेऊन या कोप्यांत जाऊन बसणाऱ्या, दिवसभर प्रश्न विचारणाऱ्या आणि सांगितलेले सगळे लिहून घेणाऱ्या अभ्यासकांविषयी. अशी माणसे गावात आली की पारावर ठरलेला प्रश्न निघतो, "हे लिहून नेतात, त्याने आपले काय भले होते?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर थोडे सविस्तर द्यावे लागेल.

आधी मी एक प्रश्न विचारतो. तुमच्या उसात किती माणसे तोडीला आहेत? तुम्ही म्हणाल, "दहा कोयते आहेत." बरोबर. पण दहा कोयते म्हणजे माणसे किती? नवरा आणि बायको मिळून एक कोयता. एकटा गडी असला तर तो अर्धा कोयता. उचल दिली जाते कोयत्याला, हिशेब होतो कोयत्याचा, आणि मुकादमाच्या वहीत नाव असते नवऱ्याचे. बाई पहाटे उठून भाकरी थापते, दिवसभर नवऱ्याच्या बरोबरीने ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवते. वहीत मात्र ती अर्धा कोयता असते, आणि त्या अर्ध्याला नाव नसते. फडाच्या कडेला पाचटावर खेळणारे पोर तर कोणत्याच वहीत नसते.

म्हणूनच राज्यात ऊसतोड कामगार नेमके किती, याचा मेळ वर्षानुवर्षे लागला नाही. कोणी आठ लाख म्हणे, कोणी बारा, कोणी पंधरा. आपल्या गोठ्यात जनावरे किती हे आपण बोटावर सांगतो. कारखान्याला ऊस किती गेला हे काट्यावर किलोत कळते. तो ऊस तोडणारी माणसे किती, हे मात्र अंदाजपंचे. ज्याची मोजदाद नाही त्याच्यासाठी सरकार तरी तरतूद कशाच्या आधारावर करणार? अभ्यासकांचे काम नेमके इथून सुरू होते.

गाडगीळांची पाहणी

अभ्यासकाच्या वहीचा उपयोग काय, हे खरे तर नगर जिल्ह्याने सर्वांत आधी पाहिले आहे, आणि तेही ऊस लावणाऱ्याच्या बाजूने. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ यांनी स्वातंत्र्याच्या आधी गोदावरी आणि प्रवरा कालव्यांखालच्या भागाची पाहणी केली. कालव्याचे पाणी आल्याने शेतकऱ्याच्या उत्पन्नात काय फरक पडला, मजुराला काम किती वाढले, बाजाराला काय मिळाले, हे त्यांनी गावोगाव विचारून मांडले. कालव्याचा फायदा पाणीपट्टीच्या वसुलीवर मोजू नका, सगळ्या मुलखाला काय मिळते ते पाहा, असा त्या पाहणीचा रोख होता. १९४८ साली तिचे पुस्तक निघाले.

त्या काळी या कालव्यांवर खाजगी साखर कंपन्या होत्या. ऊस होता, पण साखरेचा नफा शेतकऱ्याच्या घरी येत नव्हता. लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकरी गोळा केले, भागभांडवल जमवले, आणि गाडगीळांना हाताशी धरले. १९५० च्या अखेरीस प्रवरेचा सहकारी कारखाना उभा राहिला, तेव्हा त्याचे पहिले अध्यक्ष गाडगीळच होते आणि उपाध्यक्ष विखे पाटील. पुण्याचा प्राध्यापक आणि लोणीचा शेतकरी एका बाकावर बसले, त्यातून पुढे महाराष्ट्रभर कारखाने निघाले. आज ज्यांच्या घरावर स्लॅब आहे आणि मुलगी इंजिनियरिंगला आहे, त्यांच्या त्या घडीत एका पाहणीच्या वहीचाही वाटा आहे, हे विसरू नये.

पण सहकाराच्या घडीत एक माणूस बाहेर राहिला. सभासद आत आला, कारखान्याचा कायम कामगार आत आला, त्याची युनियन झाली. फडातला तोडकरी मात्र मुकादमाच्या हवाली राहिला. दुष्काळी भागातून दरसाल माणसे येत राहिली आणि कारखाने वाढत गेले, विशेषतः १९७२ च्या दुष्काळानंतर. पाथर्डीच्या बबनराव ढाकणे यांच्यासारख्या पुढाऱ्यांनी तोडणी कामगारांची संघटना बांधली, संप केले, दर वाढवून घेतले. ते काम मोठेच. पण संपात दराची गोष्ट होते. कोपीच्या आत काय चालले आहे ते संपाच्या मागणीपत्रात सहसा येत नाही. त्यासाठी कोणीतरी आत जाऊन बसावे लागते.

बारडोलीच्या फडातला हॉलंडचा माणूस

असा एक माणूस आपल्या शेजारी, दक्षिण गुजरातेत, जाऊन बसला. त्याचे नाव यान ब्रेमन. तो हॉलंडचा. १९६० नंतरच्या वर्षांत तो प्रथम सुरत-वलसाडकडच्या खेड्यांत शेतमजुरांचा अभ्यास करायला आला, आणि पुढे कित्येक वर्षे परत परत येत राहिला. बारडोली म्हटले की आपल्याला १९२८ चा सत्याग्रह आठवतो. त्याच बारडोलीला पुढे मोठा सहकारी साखर कारखाना झाला. तिथे तोडीला जात कोण? आपल्या खानदेशातली माणसे. म्हणजे गुजरातच्या फडात महाराष्ट्राचेच लोक.

ब्रेमनने पाहिले की बारडोलीच्या आसपास हळपती समाजाचे भूमिहीन मजूर ढिगाने होते आणि त्यांना काम हवे होते. तरी कारखाना दुरून खानदेशी टोळ्या आणत होता. असे का? त्याने विचारून, बसून, हिशेब मांडून उत्तर काढले. गावचा मजूर संध्याकाळी घरी जातो, सणावाराला सुट्टी मागतो, चार माणसे गोळा करून भांडतो. बाहेरून आलेला माणूस उचलीने बांधलेला असतो, रात्री दोनला गाडी आली तरी उठतो, भाषा नि ओळख नसल्याने कोणाकडे दाद मागत नाही, आणि हंगाम संपला की निघून जातो. म्हणजे दुरून माणूस आणायचे कारण जवळ माणूस नाही हे नव्हते. दुरून आलेला माणूस दबून राहतो, हे होते. १९७८ साली त्याने हे लिहून छापले आणि सहकारी कारखान्यांना सरळ सवाल टाकला, हा सहकार कोणाचा?

परक्या मुलखात मजुरीला गेलेल्याची गत सगळीकडे अशीच असते. रात्री शिट्टी वाजवीत फिरणारा आणि महिन्याला दारात येऊन उभा राहणारा गुरखा तुम्ही पाहिला आहे. भारत-नेपाळचा १९५० चा तह असल्याने त्याला इकडे यायला परवाना लागत नाही. ही त्याची सोय आहे आणि तीच त्याची अडचणही आहे. कारण येताना कोठे नोंद नाही, जाताना नाही, मधे आजारी पडला किंवा मालकाने पगार बुडवला तरी कोणाच्या कागदावर तो नाही. नेपाळचा गुरखा आणि पाथर्डीचा तोडकरी यांचे देश वेगळे, पण कागदावर नसण्याचे दुखणे एकच.

तोडकऱ्याच्या बाबतीत तर आणखी एक गंमत आहे. परराज्यात जाणाऱ्या मजुरांसाठी १९७९ साली केंद्राने कायदा केला. नोंदणी, प्रवासभत्ता, राहण्याची सोय असे बरेच त्यात लिहिले होते. पण तो राज्याची हद्द ओलांडणाऱ्यासाठी. नवापूरहून बारडोलीला जाणारा त्यात बसे. पाथर्डीहून श्रीरामपूरला किंवा बीडहून कोल्हापूरला जाणारा, घर तितकेच सोडून, कोपीत तितकेच महिने राहूनही त्यात बसत नसे.

बाईला विचारले तेव्हा

आता त्या नाव नसलेल्या अर्ध्या कोयत्याकडे येऊ.

बीडकडच्या बायकांत एक गोष्ट वर्षानुवर्षे कुजबुजत बोलली जात होती. ऐन तिशीत बाईची गर्भपिशवी काढली जाते. पोटात दुखते, अंगावरून जाते म्हणून दवाखान्यात गेले की "पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल" अशी भीती घातली जाते. बाईलाही दुसरा विचार सुचत नाही. फडात आडोसा नाही, न्हाणी नाही, चार महिने अंघोळीला पुरेसे पाणी नाही. पाळीच्या दिवसांत काम थांबले तर खाडा पडतो आणि खाड्याचा दंड उचलीत चढतो. मग पिशवीच नको, असे वाटले तर त्या बाईला दोष कसा द्यावा? पण हे कोणी बोलायचे? नवऱ्याला लाज, सासूला वाटते नशीब, आणि डॉक्टरचे बिल तर उचलीतूनच गेलेले.

बीडच्या मनीषा तोकले यांच्यासारख्या कार्यकर्त्या आणि महिला किसान अधिकार मंच, म्हणजे 'मकाम', या मंचावर जमलेल्या अभ्यासक बाया यांनी हे घरोघर जाऊन विचारायला घेतले. पुण्याच्या सीमा कुलकर्णी यांच्यासारख्या, शेती-पाण्यात बाईचा वाटा किती याचा आयुष्यभर अभ्यास केलेल्या संशोधक त्यात होत्या. त्यांनी एक शहाणपण केले. पुरुषाला विचारून बाईची माहिती लिहिली नाही, बाईलाच विचारले. कधी उठता, पाणी किती लांबून आणता, बाळंतपणानंतर किती दिवसांनी कामाला लागलात, मजुरीचे पैसे कोणाच्या हातात पडतात, कोणते ऑपरेशन झाले, कोणत्या वयात. पिढ्यान्‌पिढ्या ऊस तोडणाऱ्या बाईला हे प्रश्न त्याआधी क्वचितच कोणी विचारले असतील.

२०१९ साली ही गोष्ट वर्तमानपत्रांत आली, विधिमंडळात गाजली. सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि बीड जिल्ह्यात पाहणी झाली. ८२,३०९ ऊसतोड महिलांची माहिती घेतली, त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. म्हणजे दर सहा बायकांमागे एक. देशभरच्या कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१५-१६ साली, १५ ते ४९ वयाच्या बायकांत हेच प्रमाण शंभरात तीनच्या आसपास होते. दोन्ही आकडे शेजारी ठेवा. मग कुजबुज म्हणून सोडून दिलेली गोष्ट किती मोठी होती ते कळते.

त्या आकड्याने काय झाले? बीडमध्ये खाजगी दवाखान्यांनी असे ऑपरेशन करण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी, असा दंडक आला. तोडीला जाण्याआधी आणि परत आल्यावर बायकांची आरोग्य तपासणी करावी असे समितीने सुचवले. आणि सर्वांत महत्त्वाचे, "आमच्या नशिबाचे भोग" म्हणून गप्प बसलेल्या बायका पुढे येऊन बोलू लागल्या. एकटीचे दुखणे असते तेव्हा लाज वाटते. तेरा हजार जणींचे तेच दुखणे आहे हे कळले की जाब विचारावासा वाटतो.

पोरांची शाळा

पोरांचीही तीच कथा. सहा महिने गावच्या शाळेत, सहा महिने फडात. मोठी बहीण धाकट्याला सांभाळते आणि वाढे गोळा करते, तिची शाळा तिसरी-चौथीत सुटते. हजेरीपटावर तिचे नाव असते, पण बाकावर ती नसते. मराठवाड्यातल्या 'जनार्थ' या संस्थेने २००० नंतरच्या वर्षांत कारखान्यांच्या तळांवर साखरशाळा चालवल्या. कोपीजवळच शाळा, मूल तोडीच्या गावी असेल तितके महिने शिकवायचे आणि परत गेल्यावर त्याला त्याच्या वर्गात बसता यावे अशी कागदपत्रे द्यायची. दुसरीकडे गावात हंगामी वसतिगृहे निघाली, म्हणजे मूल आजीपाशी राहील आणि जेवणाची सोय शाळेकडून होईल. यातला कोणता मार्ग बरा यावर शिक्षणाचे अभ्यासक खूप भांडले. आईबापांजवळ मूल ठेवावे हे खरे, पण तळावर राहिले की दोन वर्षांत त्याच्या हातात कोयता येतो हेही खरे.

पुढे २०२१ साली राज्य सरकारने संत भगवानबाबा यांच्या नावाने ऊसतोड कामगारांच्या मुला-मुलींसाठी शासकीय वसतिगृहांची योजना केली. ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे, प्रत्येक तालुक्यात मुलांचे एक आणि मुलींचे एक. पहिल्या टप्प्यात आपल्या जिल्ह्यातले पाथर्डी आणि जामखेड हे दोन तालुके घेतले. त्याच सुमारास ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे कल्याण महामंडळ उभे राहिले. कारखान्याने गाळलेल्या दर टनामागे १० रुपये द्यायचे आणि तितकीच भर सरकारने घालायची असे ठरले. ग्रामपंचायतीने गावातल्या तोडकऱ्यांची नोंद करून त्यांना ओळखपत्र द्यावे असाही हुकूम निघाला. २०२३ साली मुंबई उच्च न्यायालयाने एका वर्तमानपत्रातला लेख वाचून, कोणी अर्ज केला नसताना, तोडणी कामगारांच्या पिळवणुकीचा प्रश्न स्वतःहून सुनावणीला घेतला.

हे सगळे झाले म्हणजे सोने झाले असे नाही. हुकूम निघतो आणि कपाटात बसतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. पण वीस वर्षांपूर्वी हुकूमच नव्हता. आज तो आहे, त्यावर बोट ठेवून "माझे ओळखपत्र कुठे आहे?" असे विचारता येते. हा फरक पाहणी करणाऱ्यांनी, लिहिणाऱ्यांनी आणि त्यांच्या वह्या घेऊन मंत्रालयाच्या पायऱ्या चढणाऱ्या कार्यकर्त्यांनी घडवला. नुसता अभ्यास कपाटात राहतो आणि नुसती ओरड हवेत विरते. दोन्ही जोडीने चालली, तर कधीतरी गाडा हलतो.

बागाइतदाराचे म्हणणे

आता ऊसवाल्या शेतकऱ्याचे म्हणणे ऐकू. तो म्हणतो, "आमचेच कोण बघते? तोडणी-वाहतूक आमच्याच बिलातून कापतात. वर टोळीला खुशाली द्या, ड्रायव्हरला एंट्री द्या. मुकादम लाखांची उचल घेऊन पळतो आणि कर्ज काढून ट्रॅक्टर घेतलेला पोरगा बुडतो." यात खोटे काही नाही. २०२५-२६ च्या हंगामाला केंद्राने सव्वादहा टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये भाव धरला, त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते. हातात उरते ते खत, पाणी, मजुरी सोसून.

पण दुसरा हिशेबही करून पाहा. २०२४ च्या जानेवारीत तोडीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, टनामागे २७३ वरून ३६६ रुपयांच्या आसपास. एका कोयत्याने दिवसात दोन टन तोडले, आणि रोज दोन टन काही निघत नाहीत, तरी ७३२ रुपये झाले. माणसे दोन, म्हणजे माणशी ३६६. पहाटेपासून फडात, आणि गाडी रात्री आली तर भरणीही रात्रीच. त्यातून उचल वळती होणार, खाडे कापले जाणार. वर्षाअखेर बाकी निघाली की पुढच्या हंगामाला त्याच मुकादमाकडे बांधून घ्यायचे. तुमच्या बिलातून गेलेला पैसा तोडकऱ्याच्या हातात सगळा पोचत नाही, मधल्या वाटेवर बराच गळतो. तुम्हाला खुशालीने नाडले जाते आणि त्याला उचलीने. दोघांच्याही मधे तीच बिननोंदीची, बिनकागदाची वाट आहे. तोडकऱ्याशी कारखान्याचा सरळ लेखी करार झाला, पैसे त्याच्या आणि त्याच्या बायकोच्या खात्यावर गेले, तर मुकादमाचे पळून जाणेही अवघड होईल. तोडकऱ्याची नोंद होण्यात बागाइतदाराचेही हित आहे ते असे.

या हंगामात काय करता येईल

ज्यांच्या रानात टोळी उतरते त्यांनी तीन-चार गोष्टी कराव्यात. पैसा फार लागत नाही. विहिरीवरची किंवा बोअरची एक तोटी कोप्यांकडे न्या. बायकांसाठी कापडाचा का होईना आडोसा आणि एक खड्ड्याचा संडास करून द्या. टोळीत सहा ते चौदा वयाची किती मुले आहेत ते मोजून जवळच्या जिल्हा परिषद शाळेच्या गुरुजींना सांगा. मूल कोठलेही असो, त्याला वर्गात बसवून घेणे शाळेचे काम आहे, २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्याने ते ठरले आहे. गरोदर बाई किंवा तान्हे मूल असेल तर अंगणवाडीच्या ताईंना आणि आशाताईंना निरोप द्या. त्यांना कळलेच नाही तर त्या येणार कशा?

जे तोडीला जातात त्यांनी निघण्याआधी ग्रामपंचायतीत जाऊन ओळखपत्राचे विचारावे आणि घरातल्या दोघांच्याही नावाची नोंद करावी, नवऱ्याची वेगळी, बायकोची वेगळी. मूल वसतिगृहात ठेवता येते का हे दिवाळीच्या आधीच शाळेत विचारून ठेवावे. उचल किती घेतली, टनेज किती झाले, खाडे किती लागले हे शाळेत जाणाऱ्या पोराकडून का होईना साध्या वहीत लिहून ठेवावे. मुकादमाच्या वहीला उत्तर द्यायचे तर आपली वही हवी. कर्जाच्या बोलीवर माणूस डांबून ठेवणे हा १९७६ च्या वेठबिगारी कायद्याने गुन्हा आहे. उचल फिटली नाही म्हणून बाईला किंवा पोराला कोणी अडकवून ठेवीत असेल, तर तहसीलदाराकडे आणि पोलिसात जाता येते. आणि पोटात दुखते म्हणून कोणी पिशवी काढायला सांगितली, तर आधी सरकारी दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टरला दाखवा. पोटदुखीवर औषधे असतात, प्रत्येक दुखण्याला सुरी लागत नाही.

आणि शेवटची विनंती दोघांनाही. उद्या कोणी मुलगा किंवा मुलगी वही घेऊन कोपीच्या दारात आली, कॉलेजची असो, संस्थेची असो, तर तिला बसायला पोते टाका. ती कोण, कोठून आली, लिहिलेल्याचे काय करणार, हे जरूर विचारा, तो तुमचा हक्क आहे. आधार कार्ड नि बँकेचा नंबर मागितला तर देऊ नका, अभ्यासाला त्याची गरज नसते. पण प्रश्न विचारले तर खरे सांगा. आणि बाईला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर बाईलाच देऊ द्या.

कोयता म्हणजे किती माणसे, या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. दोन माणसे, त्या दोघांची दोन नावे, आणि त्यांच्या मागे लेकरे. हे उत्तर कारखान्याच्या वहीत येईपर्यंत विचारीत राहायचे आहे. ज्यांनी विचारायला सुरुवात केली त्यांचे काम निम्म्यावर आले आहे. उरलेले निम्मे आपल्या बांधावरचे आहे.